अर्थिंग

गुहेच्या तिसऱ्या वळणावर,
शत्रूची पावलं मागून येतात की वरून
हे जिथे कानांनीच ठरवायचं असतं,
नेमकी तिथेच सुरू व्हायची:
खर्र, चट्, खर्र.
हेडफोनमधून कळव्याचा यासीर विचारायचा,
"तुझ्याकडे बोंबील तळतायत का गं?"
तेवढ्यात मी मेलेली असायचे.

ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला.
चव्वेचाळीस हजार शंभर, अठ्ठेचाळीस हजार,
दोन्ही आकडे आळीपाळीने लावून पाहिले.
बफर वाढवला, तर गोळी आधी लागायची
आणि आवाज मागाहून यायचा,
दहाव्याच्या दिवशी पोचलेल्या तारेसारखा.
साउंड कार्ड ग्राफिक्सच्या पंख्याशेजारून उचलून
खालच्या स्लॉटमध्ये नेलं,
त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासले.
वाशीचा दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या, मॅडम.
घेतलं. साडेचार हजार.
नव्या कार्डातून जुनीच खरखर
जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली.

बाबा रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं कॉम्प्रेसरवर.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून सांगायचे,
हे महिनाभर ओढेल, ते आत्ता थांबवा.
वरच्या पट्टीतलं सगळं तिथेच ठेवून आले.
दाराची बेल, कुकरची शिट्टी, फोनवरची आत्या.
'शेलार जगन्नाथ, वय ५८' लिहिलेल्या आलेखात
रेघ बऱ्यापैकी सरळ चालते
आणि मग पारसिकच्या डोंगरावरून
कुणी ढकलल्यासारखी खाली.

एका रविवारी स्टूल घेऊन शेजारी बसले.
"तू खेळ."
मी हेडफोन चढवला. जरा लाजच वाटत होती,
वडिलांसमोर माणसं मारायची म्हणजे.
त्यांच्या मांडीवर कॅलेंडरचं फाडलेलं पान,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने
शिफ्टचं लॉगशीट भरावं तसे आकडे.
नऊ दहा. नऊ एकवीस.
नऊ अडतीस. नऊ एकोणपन्नास.
मला वाटलं, मी किती वेळा मरते ते मोजतायत.

उठले. स्वयंपाकघरात गेले.
फ्रिजच्या कुशीवर तळहात ठेवला,
तापात माझ्या कपाळावर ठेवायचे तसा,
उलटा, मग सुलटा.
"हा," तिथूनच ओरडले. "तुझी गुहा नव्हे. हा."

भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे फ्रिज,
दोघांना वीज एकाच बोर्डातून.
मेन स्विच पाडून बोर्ड उघडला, तर
हिरवी वायर कुठेच जोडलेली नाही,
टोकाला काळी टेप गुंडाळून
रुमालासारखी घडी घालून ठेवलेली.
बाबा तिच्याकडे बघत राहिले.
बॅटरी धरून माझा हात दुखायला लागला.
"मीच ठेवली होती. घर घेतलं तेव्हा.
सोसायटी पॉइंट देईल, मग जोडू म्हणून."
बाहेरच्या पॅसेजमध्ये पॉइंट
कधीचा येऊन बसलेला.

गुहा. तिसरं वळण.
पलीकडे फ्रिज घुरघुरला,
तो पायांच्या तळव्यांना कळला, कानांना नाही.
कानांत फक्त पाणी ठिबकत होतं,
लांब, डावीकडे.
आणि ओल्या वाळूवर एक पाऊल,
इतकं जवळ, की मी खरोखर मान वळवली.
मागे बाबा उभे होते.

"गेली," मी म्हटलं.
मग लक्षात आलं. हेडफोन तर माझ्या कानांवर होता.
"तुम्हाला ऐकू कशी आली पण?"

"मला कुठे ऐकू येतंय.
तुझी डावी भुवई उडायची."

पेन्सिल कानावर खोचली
आणि इतक्या वेळात दूध नासलं का
ते बघायला गेले.